शाळा व्यवस्थापन समितीत पहिल्यांदाच जाताय? मग हे आधी वाचा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की झेडपीच्या शाळेतून एक निरोप येतो, अमुक वारी पालक सभा आहे, सर्वांनी उपस्थित राहावे. पोराच्या वहीत चिठ्ठी असते नाहीतर ग्रुपवर मेसेज पडतो, आणि बहुतेक घरात त्याचं पुढं काही होत नाही, कारण त्या दिवशी कुणाची खुरपणी असते, कुणाची कंपनीत फर्स्ट शिफ्ट असते, आणि मनात असंही असतं की जाऊन काय होणार, सर सांगणार आणि आपण ऐकणार. पण ज्या सभेला आपण जात नाही त्याच सभेत शाळा व्यवस्थापन समिती निवडली जाते. आणि ती समिती म्हणजे नुसता मान नाही. शाळेला आलेला पैसा कुठं खर्च झाला ते विचारायचा, शाळेला काय पाहिजे ते लिहून मागायचा, पोरांच्या ताटात काय पडतं ते रोज बघायचा अधिकार कायद्यानं तिला दिलाय.

मी आमच्या गावच्या शाळेच्या समितीत पालक सदस्य आहे. नवीन निवडून आलेल्या बायका, माणसं मला जे विचारतात ते सगळं एका जागी असावं म्हणून हे लिहितेय. लांब झालंय, पण नवीन असाल तर पूर्ण वाचा.

आधी आपली शाळा कुठल्या प्रकारची ते बघा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. शाळा झेडपीची, नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची असेल तर समितीला पूर्ण अधिकार. शाळा खाजगी अनुदानित असेल म्हणजे संस्था खाजगी पण पगार सरकारचा, किंवा अल्पसंख्याक संस्थेची असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथली समिती फक्त सल्लागार आहे. ती सुचवू शकते, विचारू शकते, पण शाळेचा आराखडा बनवायचं बंधन आणि अधिकार तिला नाही. म्हणून काय ती सोडून द्यायची नाही, अनुदानित शाळेत पण लेखी सूचना दिली आणि ती प्रोसिडिंगला म्हणजे मिटींगच्या रजिस्टरला आली तर उद्या कुणी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणू शकत नाही. आणि पूर्ण विनाअनुदानित इंग्लिश मीडियम असेल तर ही समिती तिथं नाहीच, तिथं शिक्षक-पालक संघ असतो, फीच्या कायद्याखाली, त्याचं सगळंच वेगळं, त्यात इथं जात नाही.

कायदा केंद्राचा असल्यामुळं गोव्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांना पण तो लागू आहे. बेळगाव भागातल्या सरकारी मराठी शाळांत हीच कमिटी एसडीएमसी नावानं असते, तिचे नियम कर्नाटकचे, पण पुढं लिहिलेलं बरंचसं तिथंही कामाला येईल.

समितीत कोण असतं

महाराष्ट्रात १२ ते १६ सदस्य असतात, मुख्याध्यापक धरून नाही. त्यातले कमीत कमी ७५ टक्के पालक पाहिजेत. म्हणजे १२ ची समिती असेल तर ९ पालक, १६ ची असेल तर १२. उरलेल्यांत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा एक निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी आपल्यातून निवडलेला एक शिक्षक, आणि पालकांनी निवडलेला गावातला एखादा शिक्षणातला जाणकार. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष मात्र पालकांमधूनच होतात, सरपंच अध्यक्ष होऊ शकत नाहीत, मुख्याध्यापक पण नाही. एकूण सदस्यांत निम्म्या महिला पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा पाहिजे. दोन विद्यार्थी पण बसतात, त्यांना मत नसतं पण बोलता येतं, आणि खरं सांगते शाळेत काय चाललंय ते सगळ्यात नीट तीच सांगतात. दर दोन वर्षांनी समिती नव्यानं करायची असते.

मागं शाळेत समित्यांचा ढीग होता, पोषण आहाराची वेगळी, माता पालक वेगळी, बांधकामाची वेगळी, आणि तीच तीच माणसं सगळ्यांवर सह्या करायची. २०२५ मध्ये सरकारनं त्यातल्या बऱ्याचशा एकत्र केल्या त्यामुळं आता या समितीवर कामाचा भार जास्त आलाय. मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती वेगळी आहे, ती आपल्या शाळेत आहे का, तिच्यात कोण आहे, तेवढं पहिल्याच मिटींगला विचारून घ्या.

निवड कशी होते आणि त्यात कसं शिरायचं

कागदावर पालक सभेतून निवड होते. प्रत्यक्षात खूप गावात नावं आधीच ठरलेली असतात, सभेत एकजण वाचून दाखवतो, दुसरा "अनुमोदन" म्हणतो, टाळ्या पडतात, बिनविरोध झाली म्हणून सगळे खूश. बिनविरोध होण्यात वाईट काही नाही, पण ज्यांची पोरं शाळेतच नाहीत, शहरात इंग्लिश मीडियमला आहेत, अशी माणसं पालक म्हणून यादीत आली तर ते चालत नाही. पालक सदस्याचं मूल त्याच शाळेत शिकत असलं पाहिजे, ही एवढी एक गोष्ट सभेत उभं राहून विचारायला कुणाला घाबरायचं कारण नाही.

तुम्हाला यायचं असेल तर सभेच्या आधीच आपल्या पोराच्या वर्गातल्या चार-पाच आयांशी बोलून ठेवा. पुढारीपण करायला नाही, एवढंच सांगायचं की मी उभी राहतेय, सभेला या. सभेला माणसं आली की निम्मं काम होतं. तांड्यावरचे, वस्तीवरचे, वीटभट्टीवरचे पालक सभेला यावेत म्हणून त्यांच्यापर्यंत निरोप गेलाय का ते स्वतः जाऊन बघा, कारण व्हॉट्सॲपवर टाकला म्हणजे निरोप गेला असं होत नाही, बऱ्याच घरात मोबाईल बापाच्या खिशात असतो आणि बाप दिवसभर कामावर असतो. दिव्यांग मूल असलेल्या घरातलं कुणीतरी समितीत असावं म्हणून तर मी हट्टच धरीन, रॅम्प आहे म्हणजे काय आणि त्या रॅम्पवरून खुर्ची खरंच वर जाते का हे त्या आईशिवाय कुणी सांगणार नाही.

आणि बायकांनो, निवडून आल्यावर मिटींगला आपण स्वतः जायचं. "मालक येतील माझ्याऐवजी" असं नाही. सही आपली आहे तर खुर्चीवर पण आपणच. सुरुवातीला दोन मिटींगा गप्प बसलात तरी चालेल, ऐका, बघा, तिसरीला एक तरी प्रश्न विचारा.

पहिल्या महिन्यात फक्त वाचायचं

निवड झाली की लगेच भाषण करायला किंवा शिक्षकांना धारेवर धरायला जाऊ नका. मुख्याध्यापकांकडं जा, नीट बोला, म्हणा सर, मागच्या दोन वर्षांचं प्रोसिडिंग बघायचंय. समितीचं इतिवृत्त रजिस्टर म्हणजे प्रोसिडिंग, त्यात प्रत्येक मिटींगचे विषय, ठराव आणि सह्या असतात. ते वाचताना तुम्हाला लगेच कळेल की मिटींग खरंच होत होती का नुसतंच रजिस्टर घरोघरी सहीला फिरत होतं. मिटींग दर महिन्याला व्हायला पाहिजे. सगळ्या महिन्यांचं लिखाण एकाच पेनचं, एकाच दमातलं दिसलं, विषय पण शब्दाला शब्द तेच, की समजायचं.

मग शाळेचा यूडायस रिपोर्ट काढा. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस कोड असतो, त्यावरून शाळेची माहिती नेटवर बघता येते, किती खोल्या, किती शिक्षक, मुलींचं टॉयलेट चालू आहे का बंद, पिण्याचं पाणी कशाचं. ते कागदावर घ्या आणि शाळेभोवती एक चक्कर मारा. शक्यतो सातवीच्या दोन मुलींना बरोबर घ्या. कागदावर मुलींचं स्वच्छतागृह "चालू" असतं, आणि त्या मुली तुम्हाला सांगतात की काकू, आतून कडी लागत नाही म्हणून एक जण बाहेर उभी राहते, आणि पाणी नाही म्हणून आम्ही दुपारनंतर पाणीच पीत नाही. आमच्याकडं हे असंच कळलं. शिक्षकांना माहीत नव्हतं असं नाही, पण कुणी लेखी मांडलंच नव्हतं.

कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय पाहिजे ते दिलंय, तेवढं पाठ असलं तरी पुरे. प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, किचन शेड, मैदान, कंपाउंड किंवा तारेचं कुंपण, लायब्ररी, अडथळ्याशिवाय आत येता येईल असा रस्ता. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पहिली ते पाचवीचे वर्षाला किमान २०० दिवस, सहावी ते आठवीचे २२० दिवस शाळा भरली पाहिजे.

मिटींग कधी आणि कशी

सकाळी ११ ची मिटींग म्हणजे रोजंदारीवरच्या बाईनं अर्धा दिवस सोडायचा. मग ती येत नाही आणि मग आपणच म्हणतो पालकांना काही पडलेलं नाही. पहिल्याच मिटींगला वेळेचाच विषय घ्या. कुठं संध्याकाळी साडेपाच बरी पडते, कुठं बाजाराच्या दिवशी काम बंद असतं तो दिवस बरा पडतो, कुठं शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. शिक्षक लांबून येतात, त्यांची पण शेवटची एसटी असते, तेही बघायला लागतं, सगळ्यांना जमेल असं बोलून ठरवायचं आणि ते प्रोसिडिंगला लिहून टाकायचं म्हणजे दर वेळी वाद नको.

अजेंडा तीन-चार दिवस आधी मागा. "ऐनवेळचे विषय" यात सगळं ढकलू देऊ नका, पैशाचा विषय तर ऐनवेळी अजिबात नको. बसायचं तर गोल बसा. साधी गोष्ट वाटते पण पुढं टेबल-खुर्चीवर चार जण आणि खाली सतरंजीवर बायका असं असेल तर बायका बोलत नाहीत हे मी बघितलंय. सुरुवातीला मागच्या मिटींगचं वाचन झालंच पाहिजे, आणि प्रत्येक ठरावाला विचारायचं, झालं का, नसेल तर कुठं अडलं.

सही शेवटी. लिखाण झाल्यावर, वाचून, आणि खाली रिकामी जागा राहिली असेल तर तिथं रेघ मारून. कोऱ्या पानावर सही कधीच नाही, कितीही जवळचे सर असू देत. "नंतर लिहून घेतो मॅडम, साहेब येणारेत, घाई आहे" असं म्हटलं तर हसून सांगायचं की लिहा ना सर, मी थांबते.

ठराव लिहायला शिका, बाकी सगळं त्यावरच चालतं

नवीन सदस्यांनी एकच गोष्ट शिकायची म्हटली तर मी हीच सांगीन. तोंडी बोललेलं हवेत जातं. मिटींगमध्ये तासभर टॉयलेटवर चर्चा होते, सगळे तळमळीनं बोलतात आणि रजिस्टरला लिहिलं जातं "शाळेच्या भौतिक सुविधांबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली." याला ठराव म्हणत नाहीत. यावर पुढं काहीच हलत नाही, कारण यात काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत करायचं आणि पैसे कुठले, यातलं एकही नाही.

त्याच चर्चेचा ठराव असा लिहायचा:

"ठराव क्र. ३. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही व आत पाण्याची सोय नाही. दोन्ही दारांना कड्या बसवणे व नळजोडणी करणे हे काम संयुक्त शाळा अनुदानातून पुढील सभेपूर्वी पूर्ण करावे. जबाबदारी मुख्याध्यापक व समितीच्या उपाध्यक्षा यांची. पाण्याच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीस आजच पत्र द्यावे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर."

सूचक-अनुमोदकांची नावं टाकायची. मग ग्रामपंचायतीचं पत्र दोन प्रतीत करायचं, एक त्यांना द्यायची आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्यायचा. ही पोच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, मोबाईलमध्ये फोटो पण काढा. ग्रामसेवक बदलतो, मुख्याध्यापकांची बदली होते, सरपंच नवीन येतो, पण आवक नंबर असलेलं पत्र तसंच राहतं आणि पुढच्या माणसाला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

एका मिटींगला एक-दोनच असे पक्के ठराव करा. दहा विषय घेतले की एकही होत नाही, आणि पहिलं काम शक्यतो लहान, महिन्यात होईल असं निवडा. कडी लागली की पोरी घरी जाऊन सांगतात, आणि पुढच्या मिटींगला चार आया जास्त येतात.

पैशाचं

शाळेला सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, ते पटावर म्हणजे पोरांच्या संख्येवर असतं. निकष असे आहेत की ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार. त्यातले कमीत कमी १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा उशिरा येतं, कधी दोन टप्प्यात येतं, मार्चच्या तोंडावर येतं आणि मग आठ दिवसांत खर्च करा असा फोन येतो. म्हणून काय घ्यायचं त्याची यादी आधीच ठरावात करून ठेवायची, पैसे आले की त्या यादीप्रमाणं. यादी नसली की घाईत काहीतरी रंगरंगोटी होते आणि फळ्याला खडू पुरत नाही.

समितीचं खातं वेगळं असतं, त्याचं वर्षाला ऑडिट व्हायला पाहिजे. सदस्य म्हणून तुम्ही पासबुक किंवा स्टेटमेंट, कॅशबुक आणि बिलं बघू शकता. बघायला मागणं म्हणजे संशय घेणं असं काही नाही, आणि हे मुख्याध्यापकांना पण प्रेमानं समजावून सांगा, उलट दहा पालकांनी बघितलेला हिशोब त्यांचंच संरक्षण आहे. दर तीन महिन्यांनी एका पानावर आले किती, गेले किती, शिल्लक किती असं लिहून शाळेच्या फलकावर लावायचा ठराव करा.

गणवेशाचं उदाहरण घ्या. २०२४-२५ ला सरकारनं राज्यभर एकच गणवेश, कापड वरून येणार असं केलं, बऱ्याच ठिकाणी अर्धं वर्ष गेलं तरी पोरांना कपडे मिळाले नाहीत, मिळाले ते मापात बसेनात. मग डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आली. एका गणवेशाला ३०० रुपये, दोनचे ६००. एवढ्यात चांगला कपडा बसवायचा म्हणजे आयांनीच बसावं लागतं. दोन-तीन दुकानांची कोटेशनं घ्या, प्रत्येकाचा एक नमुना मागा, तो घरी नेऊन धुवा, वाळवा आणि मग बघा रंग जातो का, आटतो का, शिवणीला आत कापड सोडलंय का, कारण पोर वर्षात वाढतं आणि शिवण उसवून सैल करता आलं पाहिजे. जो नमुना पास केला तो शाळेत ठेवा आणि माल आल्यावर त्याच्याशी ताडून मगच बिल.

पोषण आहार

इथं तर रोजचं काम आहे आणि त्याला कुठलं शिक्षण लागत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. लहानांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० आणि २० ग्रॅम असा हिशोब आहे. म्हणजे आज पाचवीपर्यंतची ६० पोरं हजर असतील तर ६ किलो तांदूळ शिजायला पाहिजे. हजेरी बघा, माप बघा. पोरांना वाढायच्या आधी मोठ्या माणसानं चव घेऊन चव रजिस्टरला लिहायचं असतं. महिन्याचा तक्ता करा, रोज एका पालकानं जायचं, वाढायच्या आधी, मधली सुट्टी व्हायच्या पंधरा मिनिटं आधी. तांदूळ निवडलाय का, डाळ दिसते का नुसतंच पिवळं पाणी, मीठ-मसाल्याचे डबे झाकलेत का.

स्वयंपाक करणाऱ्या बाईवर आवाज चढवू नका. तिचं मानधन थोडं, तेही वेळेवर येत नाही, आणि धान्य कमी आलं तर तो तिचा दोष नाही. धान्य आलं की वजन करून घ्यायचं, कमी भरलं तर पावतीवरच तसं लिहायचं आणि मग सही, हे काम समितीचं आहे.

शिकवण्याबद्दल बोलायचं का?

बोलायचं, पण तपासणी अधिकारी होऊन नाही. वर्गात घुसून शिक्षकाला पोरांसमोर प्रश्न विचारला की ते नातं तिथंच तुटतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा पालकांनी घरीच आपापल्या पोराला पुस्तकातला एक उतारा वाचायला लावा, एक हातच्याची वजाबाकी करायला द्या आणि मिटींगला या. तिसरीतली किती पोरं अडखळतात ते सगळ्यांनी मिळून सांगितलं की शिक्षकांना पण ते ऐकावं लागतं आणि बहुतेक शिक्षक मनापासून ऐकतातच. मग त्यांना विचारा, आम्ही घरी काय करू? तुम्हाला वेळ का मिळत नाही? तेव्हा कळतं की सर आठवड्यातले दोन दिवस ऑनलाईन माहित्या भरतात. शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही असं कलम २७ सांगतं, आणि ते बघणं हे समितीच्या कामांत आहे. शिक्षक स्वतः साहेबांना हे लिहू शकत नाहीत, समिती लिहू शकते. तसं एक पत्र समितीनं गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलं की शिक्षक तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतात.

मारणं, टाकून बोलणं, एखाद्या पोराला जातीवरून किंवा दिव्यांग म्हणून बाजूला बसवणं, हे मात्र खपवून घ्यायचं नाही. कलम १७ प्रमाणं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे. अशी गोष्ट कानावर आली तर मुलाचं नाव चारचौघांत न घेता अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांशी आधी बोला, आणि गंभीर असेल तर थांबू नका, लगेच वर कळवा.

पटाकडं पण लक्ष पाहिजे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, आणि पोराचं आधार जुळत नसेल तर ते पोर त्यात धरलं जात नाही अशी वेळ शाळांवर आलेली आहे. नावात एक वेलांटी चुकली म्हणून शिक्षक जाऊ नये, तर जुलै-ऑगस्टमध्येच ज्यांचं आधार अडलंय त्या घरी जाऊन, गरज असेल तर त्यांच्याबरोबर सेंटरला जाऊन ते करून घ्या.

ऊसतोडीच्या भागात असाल, बीड, अहिल्यानगरकडं, तर दिवाळीच्या सुमाराला निम्मी पोरं आईबापांबरोबर कारखान्याला जातात. तिथं हंगामी वसतिगृहाची योजना समितीमार्फतच चालते, पोरं गावात आजी-आजोबांकडं राहतात आणि जेवणाची सोय शाळेत होते. टोळ्या निघायच्या आधी, सप्टेंबरमध्येच घरोघर जाऊन कोण जाणार, कुणाची पोरं मागं राहू शकतात याची यादी करून प्रस्ताव द्यायला पाहिजे. टोळ्या गेल्यावर प्रस्ताव करून काही उपयोग नाही.

शाळा विकास आराखडा आणि ग्रामपंचायत

कलम २२ प्रमाणं समितीनं शाळेचा विकास आराखडा बनवायचा असतो, तीन वर्षांचा, त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग, आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तो तयार पाहिजे. म्हणजे डिसेंबर. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या होऊन तो वर जातो. हा आराखडा मागच्या वर्षीचा कॉपी करून पाठवला जात असेल तर थांबवा. पहिल्या महिन्यात शाळेभोवती मारलेल्या चक्करमध्ये जे दिसलं, पोरांनी जे सांगितलं, ते यात यायला पाहिजे, आकड्यासकट. पुढच्या तीन वर्षांत पट किती होईल, त्याला किती खोल्या, किती शिक्षक लागतील, कुठली दुरुस्ती, अंदाजे किती खर्च.

आणि तो नुसता वर पाठवून बसू नका. ग्रामपंचायतीचा पण विकास आराखडा होतो, तो ग्रामसभेत मंजूर होतो आणि वित्त आयोगाचा पैसा त्याप्रमाणं खर्च होतो. कंपाउंड, टाकी, टॉयलेट दुरुस्ती, हे सगळं तिथं बसू शकतं. २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेला समितीच्या सगळ्या बायकांनी मिळून जायचं, ठरावाची प्रत हातात, आणि विषय पत्रिकेवर घ्या म्हणून आधीच पत्र दिलेलं. एकटी गेलात तर "बघू" म्हणतात, पंधरा जणी गेल्या की लिहून घेतात.

अडलं तर कुठं जायचं

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक. शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. प्रत्येक ठिकाणी लेखी आणि पोच. कलम ३२ खाली मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडं केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, त्यानं समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. कागदच दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयाचा स्टँप, ३० दिवस. पण हा शेवटचा मार्ग ठेवा. एकाच गावात राहायचंय, त्याच शिक्षकांकडं पोरं शिकायचीत, म्हणून बोलून होणारी गोष्ट बोलूनच करायची, आणि पहिला अर्ज वर टाकायच्या आधी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगायचं की सर, आम्ही असं करतोय.

सदस्य नसाल तरी

आजी-आजोबा, कॉलेजची पोरं, रिटायर झालेले गुरुजी, बचत गट, पुण्या-मुंबईला गेलेले माजी विद्यार्थी, यांना समितीत जागा नसली तरी शाळेत काम आहे. आठवड्यातून एक तास गोष्ट वाचून दाखवायला कुणी आलं तरी शिक्षक नाही म्हणत नाहीत. लोकवर्गणी काढायची असेल तर मात्र रोख कुणाच्या हातात नको. समितीच्या खात्यात, पावती घेऊन, आणि कशासाठी ते ठरावात लिहून. बाहेरगावचे लोक उत्साहानं प्रोजेक्टर, टॅब देतात, त्यांना आधी विचारा की शाळेत लाईट किती तास असते आणि बिल कोण भरतं, आणि जमलं तर त्यांनाच सांगा की प्रोजेक्टरऐवजी दोन वर्षांचं लाईट बिल भरा.

आणि जाताना

दोन वर्षं संपायच्या आधी, नवीन समिती निवडायच्या सभेला मुद्दाम या. पोचवाली पत्रं, आराखड्याची प्रत, पास केलेला गणवेशाचा नमुना, कुठल्या ठरावाचं काय राहिलंय त्याची यादी, हे सगळं फोल्डर नवीन अध्यक्षांच्या हातात सगळ्यांसमोर द्या आणि तसं प्रोसिडिंगला लिहून घ्या. खात्यावरची सही बदलायला वेळ लागतो, त्यासाठी बँकेत नवीन ठरावाची प्रत लागते, ती त्याच दिवशी काढून ठेवा नाहीतर गणवेशाचे पैसे खात्यात पडून राहतात आणि पोरं जुन्याच कपड्यात १५ ऑगस्टला उभी राहतात.